खालच्या सायकलचं मीटर

शनिवार, १७ ऑगस्ट. सकाळी ११.१५
स्टँड आला. जमिनीवर उभा राहणारा, दोन सायकलींचा. एक वर, एक खाली. भिंतीला भोक नाही, दोरी नाही, खुंटी नाही. इतकी वर्षं लोक सायकली पॅसेजमध्ये आडव्यातिडव्या का ठेवतात, कळत नाही. आम्हीही महिनाभर तशाच ठेवल्या होत्या, पण ते तात्पुरतं होतं.

ही रोजनिशी आजपासून. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

पार्श्वभूमी अशी: आजपासून बरोबर तीन महिन्यांनी, १७ नोव्हेंबरला, हिला पन्नास पूर्ण होतात. काय हवं असं विचारलं होतं. दागिना नको म्हणाली, हॉटेलात जेवण नको म्हणाली. तळ्यावर जाऊ म्हणाली. दोघं, आपापल्या सायकलवर. बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी जायचो तसं. तेव्हा सायकल एकच होती. मी चालवायचो, ही मागे कॅरियरवर. म्हणजे तेव्हा मी दोघांचं वजन ओढत होतो, आता फक्त स्वतःचं ओढायचं आहे. हो म्हणालो. शब्द दिला. ही ‘या वेळी तरी’ असं काहीतरी पुटपुटली. दुर्लक्ष केलं.

दुपारी ४.३०
स्टँड उभा केला. स्पिरिट लेव्हल लावून पाहिली, तर हॉलच्या फरशीला बाल्कनीकडे तीन मिलिमीटर उतार निघाला. चौदा वर्षं या घरात राहतोय, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे, एकवीस वर्षं लोकांचे काटे तपासतोय, म्हणून लक्षात आलं. एका पायाखाली रबराची चकती सरकवली.

माझी सायकल वर, हिची खाली. वरची जागा अवघड, ती घरातल्या अनुभवी सायकलस्वाराने घ्यावी हे उघड आहे. वर चढवताना ही म्हणाली, सरका, मी ठेवते. म्हटलं, यात टेक्निक असतं. मग खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना बोलावून दोघांनी चढवली. पाठ किंचित धरली आहे.

रविवार, १८ ऑगस्ट
स्टँडची नियमावली तयार केली. बारा कलमं. भिंतीवर लावली. त्यातलं चौथं महत्त्वाचं: वरची सायकल दोन सज्ञान व्यक्तींनीच काढावी. सातवं: कोणतीही सायकल स्टँडवरून काढल्यास रजिस्टरमध्ये नोंद करावी. रजिस्टर स्टँडलाच टांगलं, दोरीला पेन बांधून. रकाने आखले: तारीख, कोणती सायकल, किती वाजता नेली, किती वाजता आणली, शेरा.

रजिस्टरची तपासणी तिमाही. म्हणजे १७ नोव्हेंबरला. तोवर उघडायचं नाही. निरीक्षकानेच वेळीअवेळी रजिस्टर चाळायला सुरुवात केली की त्यातला राम जातो, हा माझा ऑफिसातला अनुभव आहे.

ही नियमावली वाचून हसली. आवडली असावी.

सोमवार, १९ ऑगस्ट
आजपासून रोज पहाटे साडेपाच, असं ठरलं होतं. पण स्टँडचे नटबोल्ट बसायला आठवडाभर द्यावा असं माझं मत झालं. तेव्हा पुढच्या सोमवारपासून. पक्कं.

सोमवार, २६ ऑगस्ट. सकाळी ८.१०
हिने सव्वापाचला हाक मारली. उद्या, म्हणालो. काल ऑफिसच्या फायली घरी वाचत बसलो होतो, डोळ्यांवर ताण होता. डोळ्यांवर ताण असताना वाहन चालवणं हा गुन्हा आहे.

बुधवार, २८ ऑगस्ट
उद्यापासून.

शनिवार, ३१ ऑगस्ट
सायकलवाल्याकडून दोन्ही सायकलींना मीटर बसवून आणले. चाकाला लोहचुंबक, हँडलवर आकडे. किती किलोमीटर झाले ते दिसतं. आकडा डोळ्यासमोर असला की माणूस पळतो. दोन्ही मीटरना मी लाखेचं सील केलं, म्हणजे कोणी हात लावायला नको. सायकलवाला म्हणाला, साहेब, घरच्याच सायकलला सील? म्हटलं, कायदा घरापासून सुरू होतो. त्याला पटलं. निदान गप्प बसला.

सायकली परत स्टँडवर चढवताना पोस्टमास्तर घरी नव्हते. ही म्हणाली, तुम्ही दूध तापवा, मी बघते. दूध तापवून येतो तर दोन्ही सायकली जागेवर. बहुधा पोस्टमास्तर परत आले असावेत.

बुधवार, ४ सप्टेंबर
उठलो तेव्हा ही आंघोळ करून, केस विंचरून, चहा घेत बसली होती. जाऊन आले, म्हणाली. कुठे ते विचारायचं राहिलं. दूध आणायला गेली असेल.

माझ्या सायकलचं सीट टोचणार असं वाटतं. अजून बसलो नाही, पण आकार बघूनच समजतं. जेलचं कव्हर मागवलं. ते येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

सोमवार, ९ सप्टेंबर
हिच्या सायकलच्या टायरला ओली माती. एका जागी उभ्या असलेल्या सायकलला माती कुठून येणार? गुडघे टेकून तपासलं. निष्कर्ष: फरशीतून ओल वर येते, तिच्यावर धूळ बसते. स्टँडखाली रबरी मॅट टाकली. हिला सांगितलं, बघ, मी नसतो तर तुझी सायकल गंजली असती. ही म्हणाली, खरंच, तुम्ही नसता तर काय झालं असतं. कधी कधी कदर करते.

जेलचं कव्हर आलं. रंग चुकीचा आहे. परत पाठवलं.

सोमवार, १६ सप्टेंबर. संध्याकाळी ७
गंभीर बाब. सहज हिच्या सायकलचं मीटर पाहिलं. ११८.६. सायकल स्टँडवर, सील शाबूत, आणि मीटर म्हणतं एकशे अठरा किलोमीटर. माझ्या सायकलचं मीटर ०.०, म्हणजे अचूक.

रोज संध्याकाळी सातला आकडा टिपायचा ठरवलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर
मंगळवार १२९.८. बुधवार १४१.०. आज १५२.२. रोज बरोब्बर ११.२ ची वाढ. याला आमच्या भाषेत नियमित दोष म्हणतात. माप चुकतं, पण रोज सारखंच चुकतं. एकवीस वर्षांत इतका शिस्तीचा दोष पाहिला नाही. एका तेलाच्या दुकानात जवळपास असंच होतं, पण तिथे दुकानदार चोर होता.

ऑफिसात हेडक्लार्कला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, कोणी चालवत तर नसेल? हसू आलं. घरात आम्ही दोघंच. मी चालवत नाही हे मला माहीत आहे.

रविवार, २२ सप्टेंबर. सकाळी १०
नियंत्रित प्रयोग केला. माझ्या सायकलचं पुढचं चाक स्टँडवरच हाताने फिरवलं. दहा मिनिटं. मीटर ०.३. म्हणजे माझं मीटर चाक फिरलं तर वाढतं, नाही फिरलं तर वाढत नाही. असं मीटर हवं. शिवाय व्यायाम झाला. खांदा दुखतोय. उद्या विश्रांती.

संध्याकाळी ७
हिच्या मीटरने आज एकदम २५.६ खाल्ले. २००.२. रविवारी दोष वाढतो. ऑफिस बंद असतं, लोक घरी असतात, पंखे चालू असतात. तापमानाचा संबंध असावा.

शनिवार, २८ सप्टेंबर
हिच्या सायकलचं मीटर सायकलवाल्याकडे नेलं. लेखी तक्रार दिली, दोन प्रतींत. त्याने ते दुसऱ्या सायकलला लावून समोरच्या मैदानाला फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, साहेब, हे तर मीटरभराचाही फरक दाखवत नाही. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, वहिनींना विचारून बघा ना. म्हटलं, तांत्रिक बाबीत तिला कशाला गुंतवायचं. तक्रारीच्या प्रतीवर पोच घेतली. मीटर परत बसवून नवं सील केलं. तपास चालू.

मंगळवार, १ ऑक्टोबर
कन्येचा फोन. परगावी नोकरी करते, फोन मात्र आईलाच करते. आज मी उचलला. तिने विचारलं, बाबा, किती झाले? स्टँडची क्षमता पन्नास किलो आहे हे सांगितलं. फरशीचा उतारही सांगितला. ती म्हणाली, किलोमीटर, बाबा. म्हटलं, पाया पक्का झाला की इमारत उभी राहायला वेळ लागत नाही. ती म्हणाली, आईला द्या.

दोघी बराच वेळ हसत होत्या. मायलेकींचं बरं असतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ८.२०
कित्येक दिवसांत आज इतकी छान झोप लागली. मध्ये कोणी उठवलं नाही, काही नाही. ताजंतवानं वाटतंय. अशी झोप मिळत राहिली तर महिनाभरात तळं काय, तळ्याच्या पलीकडे जाईन.

रविवार, १३ ऑक्टोबर
जिन्यात पोस्टमास्तर भेटले. म्हणाले, वहिनी आज पहाटे पुलाच्या चढावर दिसल्या, मला मागे टाकून गेल्या की. पोस्टमास्तर पहाटे फिरायला जातात. पण त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरचा नंबर दिला. त्यांनी कागद घेतला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, तुम्हीही दाखवून घ्या एकदा. माणूस चांगला आहे, दुसऱ्याची काळजी करतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर
हिचं हल्ली काहीतरी बदललंय. सगळे जुने कपडे सैल होतात म्हणते. जिना चढताना दम लागत नाही. परवा गुणगुणत होती. चहात साखर कमी केल्याचा परिणाम. साखर कमी करायचा सल्ला माझाच.

रात्री नऊलाच झोपायची ही हिची नवी सवय मात्र मला पसंत नाही. मी एकटा बसून टीव्ही बघतो. पूर्वी गप्पा तरी व्हायच्या. सकाळी मी उठतो तेव्हा हिचा अर्धा दिवस झालेला असतो, रात्री मी मोकळा होतो तेव्हा ही झोपलेली. एकाच घरात राहून दोन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसांसारखं झालंय. १७ तारखेनंतर बोलू.

रविवार, २७ ऑक्टोबर
आज दोष ४४.३. आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय. बराच वेळ आठवत बसलो. माझ्या शर्टाचा नंबर ४४.

रविवार, ३ नोव्हेंबर
चौदा दिवस उरले. पुन्हा ४४.३, पण आता त्याच्याकडे बघायला वेळ नाही. सराव-तक्ता तयार केला. उद्या चार किलोमीटर, मग रोज चार वाढवत जायचं. अकराव्या दिवशी चव्वेचाळीस होतात. उरलेले दोन दिवस विश्रांती. गणित इतकं सोपं असताना लोक महिनोन् महिने सराव कशाला करतात?

तक्ता स्टँडला लावला. स्टँड आता फार देखणा दिसतो. नियमावली, रजिस्टर, तक्ता. पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
सुधारित तक्ता. रविवारपासून रोज आठ.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दुसऱ्यांदा सुधारित तक्ता. गुरुवारी बावीस, शुक्रवारी बावीस. बेरीज तीच.

वरची सायकल काढायला दुसरी सज्ञान व्यक्ती लागते, आणि मी उठतो तेव्हा ही स्वयंपाकघरात असते. खरी अडचण ती आहे. हिने थोडं सहकार्य केलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण तक्रार करण्याचा माझा स्वभाव नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
तिसऱ्यांदा सुधारित तक्ता: सराव थेट प्रत्यक्ष दिवशी. सायकल चालवणं माणूस विसरत नाही. शिवाय एकेकाळी मी दोघांचं वजन ओढत गेलोय, आणि रस्ताही तेव्हा कच्चा होता.

शनिवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
तयारी पूर्ण. हेल्मेट, पाण्याची बाटली, प्रथमोपचार पेटी. माझ्या सायकलच्या दोन्ही टायरमधली हवा गेली आहे. हिच्या टायरमधली मात्र दगडासारखी टणक. एकाच दिवशी एकाच पंपाने भरलेली हवा एकातून जाते, एकातून जात नाही. खालच्या जागेचा फायदा. सकाळी भरीन.

पावणेपाचचा गजर लावून फोन स्वयंपाकघरात ठेवला. म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. या क्लृप्तीपुढे आळशातल्या आळशी माणसाचं काही चालणार नाही.

जेवताना हिने विचारलं, उद्या येताय ना? आवाज वेगळा होता. हसण्यातला नव्हता. म्हटलं, शब्द दिलाय. हिने माझ्या ताटात थोडा भात वाढला, मी नको म्हणण्याआधीच.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ८.५०
उठलो. घर शांत. फोन स्वयंपाकघरात, गजर बंद केलेला. मी बंद केलेला नाही.

स्टँडवर वरची सायकल आहे. खालची नाही.

ही एकटीच निघून गेली. नियमावलीचा भंग तर आहेच, पण वाढदिवसाच्या दिवशी नवऱ्याला न सांगता जाणं याला काय म्हणायचं? नोंद तरी केली आहे का ते बघतो. नाहीतरी तिमाही तपासणीची तारीख आजचीच.

९.४०
रजिस्टर भरलेलं आहे. पहिल्या पानापासून. हिच्या बारीक, सरळ अक्षरात.

२६ ऑगस्ट. खालची. नेली ५.२०, आणली ५.५०. शेरा: हाक मारली. उद्या म्हणाले.

२७ ऑगस्ट. खालची. शेरा: हाक मारली. उद्या म्हणाले.

पानामागून पान. वेळ वाढत गेलेली. पाच पन्नासचे साडेसहा झाले, रविवारी साडेआठ. शेरा तोच. हिने कंटाळून खाली ‘वरीलप्रमाणे’ अशी खूणसुद्धा केली नाही, रोज पूर्ण वाक्य लिहिलंय. मी मोजले. त्रेचाळीस वेळा.

८ ऑक्टोबरपासून शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

त्या दिवशी मी काय करत होतो ते या वहीत मागे जाऊन पाहिलं. छान झोप लागली होती. कोणी उठवलं नव्हतं.

कोऱ्या शेऱ्यांची पानं चाळून शेवटच्या नोंदीवर आलो. १७ नोव्हेंबर. खालची. नेली ५.००. शेरा: हाक मारली. उद्या म्हणाले.

आज. हिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी झोपेत उद्या म्हणालो.

वाईट वाटलं. असं मी सहसा लिहीत नाही. फार वाईट वाटलं.

१०.१५
माझी सायकल एकट्याने काढायचा प्रयत्न केला. जावं, निदान पुलापर्यंत सामोरं जावं. हँडल पडद्यात अडकलं. पडदा खाली आला, तो परत टांगला. सायकल वरच आहे. टायरमध्ये हवा नाही हे नंतर आठवलं.

दुपारी १
ही साडेदहाला आली. चेहरा उन्हाने लाल, केस विस्कटलेले. इतकी सुंदर बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती, किंवा मी पाहिली नव्हती. मी दारातच उभा होतो, हातात रजिस्टर. चुकलं माझं, म्हणालो. दोनदा म्हणालो. चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

पाणी प्यायली. मग खुर्चीत बसून सांगू लागली. तळ्याच्या अलीकडे तो उतार आहे ना, म्हणाली. तेव्हा कॅरियरवर बसून मी तिथे डोळे घट्ट मिटायचे, तुमचा शर्ट धरून. त्या उतारावरून काय दिसतं ते मला माहीतच नव्हतं. आता चार वेळा पाहिलं. सगळं तळं दिसतं. तुम्हाला दाखवायचं होतं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, रोज सांगत होते. जाऊन आले, म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, बरं.

मग उठली, स्टँडपाशी गेली आणि माझी सायकल वरून एका दमात खाली उतरवली. एकटीने. पडदासुद्धा हलला नाही. फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली, पंप आणून दोन्ही चाकांत हवा भरली, माझी सायकल खालच्या जागेवर ठेवली आणि स्वतःची वर. म्हणाली, आता तुम्हाला दुसरं माणूस लागणार नाही. आणि झोपायला गेली. दमली होती.

संध्याकाळी ७
चौथं कलम खोडलं. चारही तक्ते काढले. स्टँड बोडका दिसतो.

वरच्या सायकलचं मीटर पाहिलं. १०२८.२. सील शाबूत. मीटरमध्ये दोष नाही. सायकलवाल्याकडची तक्रार मागे घ्यायला हवी.

तिमाही तपासणी पूर्ण करायची म्हणून रजिस्टरमध्ये हिच्या आजच्या ओळीखाली माझी ओळ भरली. १७ नोव्हेंबर. सायकल: खालची. नेली: नाही. आणली: नाही. शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो. मग तीन महिन्यांचं माझ्या मीटरचं वाचन लिहिलं, ०.३, तेही हाताने चाक फिरवून झालेलं. आणि पुढे लिहिलं: मीटर अचूक आहे.